उरलेल्यातला अर्धा

लॉकडाउनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या आमच्या फ्लॅटमध्ये टेबल एकच होतं. एका टोकाला मी युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षाला झूमवर स्टॅटिस्टिक्स शिकवायचे, दुसऱ्या टोकाला माझ्या नऊ वर्षांच्या मुलीची शाळा भरायची. हेडफोनही एकच, तो माझ्या कानाला.

त्या आठवड्यात माझा विषय हायपोथिसिस टेस्टिंग होता. मी सांगत होते, आधी ‘काही फरक नाही’ असं धरून चाला, पुरावा भाग पाडेल तेव्हाच ते सोडा. वर्ग संपवून मी लेकीचं गणित पाहिलं. केकचा दोन तृतीयांश भाग संपला, उरलेल्यातला अर्धा भावाने खाल्ला, तर एकूण केकचा किती भाग त्याने खाल्ला? तिने लिहिलं होतं, अर्धा.

“कालही हेच केलंस. बाई शिकवत होत्या तेव्हा लक्ष कुठे होतं?”

“आय वॉज लुकिंग.”

“नुसतं बघून काय होतंय? माझ्या अभ्यासासाठी आजोबा आवाज बारीक करून, रेडिओला कान चिकटवून बातम्या ऐकायचे. तुला सगळं आयतं मिळतंय.”

हे मी तिला नेहमी ऐकवायचे. गावातल्या आमच्या दोन खोल्यांत मी पुस्तक उघडलं की सगळे हळू बोलायचे. कॉलेजला गेलेली घरातली मी पहिली. ते उपकार मी विसरले नव्हते, तिलाही विसरू देत नव्हते.

दुसऱ्या दिवशी, माझा वर्ग सुरू व्हायच्या जरा आधी, चहा घेऊन तिच्या मागे उभी राहिले. पडद्यावर बाई केकची पट्टी काढून समजावत होत्या. आवाज अजिबात नव्हता.

“हे बंद का गं?”

“तुझा क्लास आहे ना आता. लाइक आजोबा.”

“मग तुला ऐकू कसं येतं?”

“येत नाही. आय जस्ट वॉच.”

नुसत्या अपूर्णांकांच्या बेरजा तिला यायच्या. चुकायची ती शाब्दिक गणितं, बाई बोलून समजावायच्या तीच. पुरावा रोज माझ्यासमोर होता, आणि मी ‘हिचं लक्ष नाही’ असं धरून बसले होते.

संध्याकाळी आम्ही पट्टी काढली. तीन भाग, एक उरला, त्याचे दोन केले. “सो, वन सिक्स्थ,” ती लगेच म्हणाली.

मग मी माझा लॅपटॉप कपडे धुवायच्या खोलीत वॉशिंग मशीनवर नेला. तरी दाराच्या फटीतून दिसायचं, आवाज वाढवण्याआधी ती एकदा माझ्या दाराकडे बघायची.