टॉवेलाखालची बोटं

मला सायकल मिळाली ती आप्पांमुळं. हे आधीच लिहून टाकतो. माझी शाळा आठवीत सुटली, लिहायची सवय नाही, आणि लिहिता लिहिता ज्याचं नाव घ्यायचं तेच मागं राहून जाईल अशी धास्ती वाटते. आप्पा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण बेल्ह्याच्या बाजारातली जुनी माणसं त्यांना याच नावानं ओळखतात. तेवढं पुरे.

"हात द्या इकडं, पावणं."

असं म्हणता म्हणता आप्पांच्या खांद्यावरचा टॉवेल खाली यायचा आणि आपला हात त्याखाली गेलेला असायचा. तुम्ही बेल्ह्याचा बैलबाजार पाहिला असेल तर ही रीत तुम्हाला ठाऊक असेल. घेणारा आणि दलाल समोरासमोर उभे राहतात, हातांवर कापड टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून भाव बोलतात. बाजूला कितीही गर्दी असो, कुणाला पत्ता लागत नाही. मूठ वळली की सौदा नाही. मग भांडण नाही, रुसवा नाही. दोघं मिळून चहाला जातात.

आप्पांनी उभी हयात ही दलाली केली. पुढं बैल कमी झाले, भाव फोनवर ठरायला लागले, आप्पांचा धंदा सुटला. टॉवेल सुटला नाही.

मी पेंडीच्या दुकानात हमालीला आहे. आप्पा रोज सकाळी येऊन तिथं सरकीच्या पोत्यांवर बसायचे. नवा माल कसा आहे असं शेठनी विचारलं, तर आप्पा टॉवेल टाकून शेठच्या बोटाला हिसका द्यायचे. हिसका म्हणजे माल खराब. शेठ कळवळून हात ओढून घ्यायचे.

"आप्पा, तोंडानं सांगा की!"

"तोंडानं सांगितलं तर गिऱ्हाईक जाईल ना तुमचं," आप्पा गिऱ्हाइकाच्या देखतच सांगायचे.

मी किनवटकडचा. इथून एका दमात घरी पोचता येत नाही, गाड्या बदलाव्या लागतात. आलो त्या दिवसापासून आप्पा मला 'पावणं' म्हणायचे. एकदा मी म्हटलं, "आप्पा, इतकी वर्षं झाली, अजून पाहुणाच का मी?"

"घरची आठवण येती का न्हाई?"

"येते."

"मग? जवर येती तवर पावणंच."

दुपारी कधी ते मला फाट्यावर घेऊन जायचे. तिथंही टॉवेल. "एक बोट म्हंजे भेळ, दोन बोटं म्हंजे मिसळ. दाबा." मी नुसता हात ठेवून बसायचो. "काहीही चालेल, आप्पा." ते वैतागायचे. "काही बी चालंल म्हणणारं गिऱ्हाईक मी बाजारात कधी बघितलं न्हाई, राव." पण माझं खरंच तसं होतं. गावी जे ताटात पडलं ते खाल्लं, मुकादमानं जिथं नेलं तिथं आलो, जी खोली मिळाली ती घेतली. कुणी विचारलं की मला घाम फुटायचा. आपण काहीतरी चुकीचं मागू आणि समोरचा हसेल, असं वाटायचं.

मग आई गेली. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. तेरावं करून परत आलो, दुसऱ्या दिवशी सकाळी पेंडीची गाडी उतरवली. शेठ म्हणाले, दोन दिवस थांबायचं होतंस. मी म्हटलं, काही नाही, ठीक आहे. आणि खरंच काही नव्हतं. रडू आलं नाही. पोतं पाठीवर आलं तरी त्याचं वजन दुसऱ्याच कुणाच्या पाठीवर आहे असं वाटायचं. काम झालं की खोलीत जाऊन मी फोन छातीवर ठेवून पडून राहायचो. महिने असेच गेले. किती, ते मोजले नाहीत.

एक दिवस आप्पांनी विचारलं, "जेवलात का?"

"आठवत नाही."

"घरची आठवण येती का?"

मी विचार केला. "नाही येत, आप्पा."

यावर ते 'मग आता तुमी इथलंच' असं म्हणतील असं मला वाटलं. ते म्हणाले नाहीत. शेठना म्हणाले, "ह्यानं रवंथ सोडलाय."

शेठ हसले. आप्पा हसले नाहीत. "बैल असा झाला ना, की आमी त्याला दावणीतनं सोडून फिरवायचो. कामाला न्हाई. उगाच. वढ्यापर्यंत नेऊन आणायचं." मग माझ्याकडं वळून, "पावणं, तुमी उगाच कुठं जाता का?"

मी कुठंच जात नव्हतो. पण फोनवर कधीतरी सायकलींचे व्हिडिओ पाहायचो, ते सांगितलं. कालव्याच्या कडेनं सकाळी दोन-चार जण हेल्मेट घालून सायकलवर जाताना दिसायचे, तेव्हापासून पाहत होतो. बारीक चाकाची डांबरावर पळते पण मातीत फसते, जाड चाकाची मातीत चालते पण डांबरावर दमवते, आणि मधली एक असते, हायब्रीड, नव्या माणसानं ती घ्यावी, असं सगळे सांगायचे. आमच्याकडं हायवेही आहे आणि कालव्याचा कच्चा रस्ताही आहे, म्हणजे मधलीच बरी, इतपत मला कळलं होतं. पण त्या मधल्यातही शंभर प्रकार. पाहून पाहून डोकं भणभणायचं आणि मी फोन बंद करायचो.

"हायब्रीड म्हंजे संकरित," आप्पा म्हणाले. "जर्सीवानी. बरं असतंय ते. बाजारच्या दिवशी नको, मंगळवारी जाऊ."

पैशाचं म्हणाल तर पैसे होते. पगार साठत होता, खर्च करावा असं काही वाटतच नव्हतं. गाडी अडली होती ती दुसरीकडंच.

नारायणगावच्या सायकलच्या दुकानात आप्पा धोतर सावरत शिरले. दुकानातल्या पोरानं तीन हायब्रीड काढून उन्हात लावल्या. पहिली लाल, पुढच्या चाकाला शॉक्स असलेली. दुसरी करडी, साधी, हलकी. तिसरी काळी, जरा उंच, तिच्यावर सूट होती.

"मोकळी चालवून दाखवा," आप्पा म्हणाले.

"म्हणजे, बाबा?"

"वर कुणी न बसता. नुसती चालवा. मागनं चाल बघू द्या."

पोरगा सीटला धरून तिन्ही सायकली एकेक करून अंगणात फिरवत होता आणि आप्पा उकिडवे बसून मागून बघत होते. दुकानाचा मालक बाहेर येऊन उभा राहिला. "काका, दात पण बघा," तो म्हणाला.

"ते तुमी सांगा. किती हाइत?"

"एकवीस गिअर."

"एकवीस! म्हंजे लई वय झालं की हो हिचं."

सगळे हसले. मी हसलो नाही, मला घाम आला होता. कारण आता पोरगा माझ्याकडं वळला होता. दादा, लाल घ्या, शॉक्स आहेत, सगळे तीच नेतात. मालक म्हणाला, काळीवर सूट आहे, नंतर मिळणार नाही. आप्पा म्हणाले, "पावण्यांना फिरवू द्या आधी."

मी तिन्ही फिरवल्या. लाल जड होती, आणि चढावर पाय मारला की पुढचा भाग खालीवर व्हायचा. काळीवर बसल्यावर पाय टेकेना, हँडल धरायला वाकावं लागायचं. करडीवर काही झालं नाही. म्हणजे काही खटकलं नाही. मी गल्लीच्या टोकाला गेलो आणि वळायच्या ऐवजी आणखी थोडा पुढं गेलो.

परत आलो. "कोणती आवडली, दादा?" माझ्या तोंडून ते नेहमीचं निघणारच होतं. काहीही चालेल.

"हात द्या इकडं, पावणं."

दुकानाच्या मध्यात, सगळ्यांसमोर, आप्पांनी टॉवेल टाकला. आत त्यांचा हात गरम होता, खरखरीत. "एक म्हंजे लाल, दोन म्हंजे करडी, तीन म्हंजे काळी. मूठ वळली तर एक बी न्हाई, उठून चहाला जाऊ. हितं कुणाच्या बापाला कळणार न्हाई." मालक आणि पोरगा टॉवेलाकडं बघत होते. माझा चेहरा कुणी बघत नव्हतं. मी दोन बोटं दाबली.

आप्पांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि मोठ्यानं म्हणाले, "करडी. पावण्यांना करडी पायजे."

मालकानं विचारलं, "काका, तुम्हाला कळतं वाटतं सायकलीतलं?"

"मला काय डोंबलाचं कळतंय! मी सायकल बघतच नव्हतो. ह्याला बघत व्हतो. बाकी दोन्हींवरनं उतारला तसा हिकडं आला. करडीवरनं उतारला आन् मागं वळून बघितलं हिच्याकडं."

मला ते आठवत नाही. पण आप्पा म्हणतात म्हणजे बघितलं असणार.

सायकल घेतल्यावर काही चमत्कार झाला असं समजू नका. पहिल्या सकाळी कालव्याच्या कडेनं गेलो. एका बाजूला पाणी, एका बाजूला टोमॅटोचे मांडव. काहीच वाटलं नाही. एका पुलावर थांबलो, बसलो, परत आलो. दुसऱ्या दिवशीही तसंच. आप्पा विचारायचे, "काय दिसलं?" मी म्हणायचो, "काही नाही." "बरं. उद्या पुन्हा बघून या." एकदा मात्र दुकानात आलो आणि शेठच्या डब्याचा वास आला आणि मी विचारून टाकलं, "शेठ, एक भाकरी मिळेल का?"

आप्पांनी पोत्यावरून शेठकडं पाहिलं. "सुरू झाला रवंथ," ते म्हणाले, आणि बिडी पेटवली.

उन्हाळ्यात ते एका सकाळी दुकानात आले नाहीत. त्यांचं उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी सायकलवर भेटायला गेलो. ओसरीत खाटेवर होते. त्यांची लेक चाकणहून आली होती, जावई तिकडं कंपनीत आहे. ती म्हणत होती, आप्पांना मी घेऊन जाते, तिकडं दवाखाना जवळ आहे. मुलगा म्हणत होता, आप्पा घर सोडून जायचे नाहीत. दोघांचंही खरं होतं. दोघं खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून आप्पांच्या अंगावरून एकमेकांशी बोलत होते.

"अरं, त्यांना काय कळतंय आता!" कुणीतरी म्हणालं.

आप्पांचा टॉवेल धुवायला टाकलेला होता. पोती उचलताना डोक्यावर घेतो तो माझा टॉवेल मी काढला आणि त्यांच्या डाव्या हातावर टाकला. सरकीचा वास येत होता त्याला. आत हात घातला. सगळे टॉवेलाकडं बघायला लागले.

"आप्पा, एक म्हणजे ताईकडं. दोन म्हणजे इथंच."

त्यांचा हात थंड होता. मग बोटं हलली, एक नाही, दोन नाही. सावकाश, एकेक करत, सगळी आत वळली.

"काय म्हणाले?" लेकीनं विचारलं.

इथं मोठ्यानं सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

"आप्पांना चहा पाहिजे," मी म्हणालो.

लेक हसायला लागली आणि हसता हसता पदर तोंडाला लावून आत गेली. चहा आला. मी बशीतून चमच्यानं पाजला. निम्मा गळ्यावर सांडला, तो त्याच टॉवेलानं पुसला.

दोन दिवसांनी आप्पांना चाकणला नेलं. तेच बरोबर होतं, असं आता मुलगाही म्हणतो. सरकीच्या पोत्यांवर कुणी बसत नाही. गिऱ्हाइकासमोर शेठ अजून कधी कधी हात पुढं करतात आणि मग मागं घेतात.

अजून माझ्यात काही फार फरक नाही. सकाळी कालव्यानं जातो आणि येतो. परवा पुलावर बसलो असताना आमच्या गावची ओढ्याकाठची चिंच आठवली, आणि चिंचेखाली आई. एवढंच. म्हणजे मी पुन्हा पाहुणा झालो, आप्पा.

चाकणपर्यंत सायकलनं जायची छाती अजून माझी नाही. हायवेला ट्रक लई असतात. पण एक दिवस येईन. टॉवेल घेऊन येईन. तुमचं जे देणं माझ्यावर आहे ते मी असंच फेडणार आहे, तुम्ही दाबाल ते बोट सगळ्यांच्या देखत मोठ्यानं सांगून. मूठ वळलीत तरी हरकत नाही. चाकणलाही चहा मिळतो.