टायपिंगवाल्या बाई आणि आठ बटणं

"अहो बाई, हे काय चाललंय? कुठलंही घर दाबा, पारेखच! माझ्या घरात पारेख कधीपासून राहायला आला?" आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गुप्तेकाका असे ओरडले, की आमच्या इंद्रलोक वस्तीतली कबुतरं उडाली ती थेट घोडबंदरजवळच्या चेणे गावात जाऊन बसली. आठव्या घरातले पारेखभाई मात्र खूश. "चालू दे ने बाई, सगली बिल्डिंग आपली!"

बाई म्हणजे टायपिंगवाल्या बाई. अर्ध्या गिरगावला टाइपरायटर शिकवून त्या भाईंदरला आल्या आणि साठाव्या वर्षी जावास्क्रिप्ट ही कॉम्प्युटरची भाषा शिकल्या. ती आम्हाला शिकवायला दुपारी सोसायटीचं ऑफिस मिळायचं. कमिटीला तिथे कॅरम मांडायचा होता. "पोरांना काय येतं ते दाखवा, नाहीतर खोली सोडा," असं ठरलं. दाखवायचं वेबपान केलं होतं मी: आठ घरांची आठ बटणं, दाबलं की त्या घरमालकाचं नाव.

बाईंचा नियम एकच. विद्यार्थ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. मशिनला आग लागली असती तरी हात पदराखाली घेऊन उभ्या राहिल्या असत्या. "माझ्या बोटांनी तुझं डोकं चालणार नाही," म्हणायच्या. त्या दिवशी खोली जायची वेळ आली, तरी हात पदराखालीच. फक्त म्हणाल्या, "क्लोजर शिकवताना मी आमटीचं काय सांगितलं होतं रे?"

आमटी! बाई म्हणाल्या होत्या, "बाहेरचं फंक्शन संपून जातं, पण त्यातून निघालेलं आतलं फंक्शन तिथलं काही विसरत नाही. माझं माहेर मोडून चाळीस वर्षं झाली, आमटीत कोकम अजून आईच्याच अंदाजानं पडतं."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. आठही बटणांना मी एकच माहेर दिलं होतं! सगळी एकाच जागेतलं नाव वाचत होती, आणि लूप, म्हणजे एकेक नाव घेत जाणारी फेरी, संपताना त्या जागेवर शेवटचे पारेखभाई बसले होते. मी वेगळं फंक्शन लिहिलं, आठदा बोलावलं, दर वेळी एक नाव देऊन. प्रत्येक बटण आपापलं नाव घेऊन बाहेर पडलं. मला एवढा घाम फुटला, की त्या दिवशी खाडीला भरती आली ती माझ्यामुळेच.

गुप्तेकाकांनी बटण दाबलं. गुप्ते! पारेखभाईंची सात घरं एका फटक्यात गेली.

"मी बोटसुद्धा लावलेलं नाही, बघून ठेवा!" बाई अशा गरजल्या, जणू घोडबंदरचा किल्ला त्यांनीच सर केला होता. त्या दिवशी बाईंची होती तेवढी ताठ मान मी कुणाची पाहिली नाही; माझी सोडून. आज माझ्या हाताखालची पोरं अडकली, की माझेही हात आपोआप खिशात जातात.

"काका, मग खोलीचं काय?" मी विचारलं.

गुप्तेकाका चपला घालत म्हणाले, "जाताना पंखा बंद करत जा."