शिंक्यातला राउटर

आमच्या सौंदडच्या दुकानात कोपऱ्यात एक खोकं पडलेलं आहे. त्यात मेलेले राउटर, जळके अडॅप्टर आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. हे एकदाचं फेकून द्यायचं, असं आम्ही दर दिवाळीला ठरवतो. मग मी आणि धनलाल ते खोकं उघडून बसतो, एकेक वस्तू हातात घेतो, "हा त्या गिरणीतला", "ही त्या मास्तरांकडची" असं सुरू होतं, दोनदा चहा होतो आणि खोकं परत कोपऱ्यात जातं. तक्रार मिटवता येते हो, किस्सा कुठे टाकणार?

आमचं काम सांगायला सोपं आहे. खांबावरून वायर ओढायची, घरात डबा लावायचा आणि मग जन्मभर 'सेटिंग' करत राहायचं. खांबावर धनलाल चढतो, सेटिंग मी करतो. खांबावरून पडलं तर हाड मोडतं, पण सेटिंग बिघडलं तर लोक घरी येतात. त्यामुळे जास्त धोक्याचं काम माझं आहे, असं मी धनलालला नेहमी सांगतो. तो ऐकत नाही.

त्या खोक्यातला निम्मा माल एकाच घरचा आहे, तुळशीराम काकांच्या. काका रेल्वेत फाटकवाले होते. रिटायर झाले, त्याच वर्षी काकू गेल्या, आणि काका घरात एकटेच उरले. मग त्यांची मुलगी प्रांजली पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आली. कंपनीने घरून काम करायला हो म्हटलं होतं, पण मीटिंगमध्ये नेट तुटता कामा नये अशी अट होती. तुटत राहिलं तर पुण्याला परत.

काकांनी मला अंगणात बाजूला घेतलं. "गजू, इतके दिवस मी भिंतीसंग बोलून राहिलो होतो. आता पोरगी आहे त घर वाटते. पोरगी राह्यते का जाते, हे तुह्या वायरीवर आहे."

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, धनलालने सेटिंग करावं आणि मी खांबावर चढावं.

*

पहिली तक्रार आठवड्याभरातच आली. प्रांजलीच्या खोलीत नेट पोहोचतच नव्हतं. मी गेलो. डबा जिथे लावला होता तिथे डबाच दिसेना. त्या जागी तांदळाच्या कोठीवर पाणी भरायचा एक पितळेचा गुंड पालथा घातलेला होता.

गुंड उचलला तर खाली राउटर, बिचारा मिणमिणत होता.

"काका, याच्यावर गुंड काऊन?"

"पाल बसून राह्यते ना त्याच्यावर. गरम लागते तिले. झटका बसून मेली त पाप कोनाले? तुले का मले?"

मी समजावलं की नेट धातूतून बाहेर पडत नाही, त्याला उंच आणि मोकळी जागा लागते, शक्यतो घराच्या मधोमध. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग पालीचं काय?"

पालीचं सेटिंग माझ्याकडे नव्हतं. पण काका उठले, माळ्यावरून काकूंच्या हातचं सुताचं शिंकं काढलं आणि मधल्या खोलीच्या आढ्याला टांगलं. पूर्वी त्यात दुधाचं भांडं असायचं. त्यात राउटर ठेवला. उंच, मोकळा, घराच्या मधोमध, आणि पालीला तिथे जायला रस्ता नाही! मी प्रांजलीच्या खोलीत जाऊन स्पीड बघितला तर तिप्पट झाला होता.

इतकी वर्षं मी लोकांच्या भिंतीत खिळे ठोकत होतो. आता कुणी विचारलं की मी सांगतो, घरात शिंकं असेल तर काढा.

*

पुढचा घोळ मात्र पूर्ण माझा. काकांच्या गल्लीत सात घरी आमचं नेट आहे आणि सातही डबे एकाच चॅनलवर चालत होते. म्हणजे धानाच्या एकाच बांधीत सात जणांनी नांगर घातल्यासारखं. मी काकांचा डबा तेवढा अकरा नंबरच्या चॅनलवर टाकला. नेट एकदम सुसाट.

काकांना आनंद पोटात ठेवता येत नाही. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं की अकरा नंबर चांगला आहे.

दुसऱ्या दिवशी मी सालेकश्याला सासुरवाडीला गेलो होतो. दुकानात धनलाल एकटा. सहा घरची सहा माणसं येऊन उभी राहिली. "तुळशीरामले अकरा नंबर अन् आमाले एक नंबर? आमी काय वायले, येगळे आहोत का जी?" धनलाल भला माणूस. त्याला चॅनल बदलायचं मी नुकतंच शिकवलं होतं. त्याने कुणालाच नाराज केलं नाही.

मी परत आलो तेव्हा सातही डबे अकरा नंबरवर होते आणि सातही घरचं नेट बसलं होतं.

आता हे समजवायचं कसं? मी सगळ्यांना काकांच्या अंगणात गोळा केलं आणि म्हटलं, "इटियाडोहच्या कालव्याचं पाणी सगळे एकाच वेळी घेता का? पाळी असते ना? तसंच हे. एक, सहा आणि अकरा असे तीन नंबर. शेजारच्या घराचा नंबर आपल्याला घ्यायचा नाही." एका वाक्यात समजलं. कॉलेजात मला हेच समजायला एक सेमिस्टर लागलं होतं.

वाटप झालं, चहा झाला. उठता उठता टोकाच्या घरचे आजोबा म्हणाले, "बाकी ठीक आहे. पन कालव्यावर गेल्या साली आमचा नंबर शेवटी होता. म्हनून हे अकरा आमालेच पायजे."

दिला.

*

मग आली ती तेरा दहाची भानगड. काका जन्मभर फाटकावर गाड्यांच्या वेळा लिहीत आले. ती सवय सुटलेली नाही. नेट गेलं की कॅलेंडरवर वेळ लिहितात आणि मला फोन करतात, तोही रेल्वेच्या भाषेत.

"गजू, तेरा दहाले बंद." मग थोड्या वेळाने, "तेरा तीसले चालू."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेरा दहा. तिसऱ्या दिवशी तेरा दहा. आणि प्रांजलीची रोजची मीटिंग एक वाजता! ती आतून ओरडायची, "बाबा, नेट गेलं." काका बाहेरून सांगायचे, "गजूले कळवलं, बाई."

मी वायरीचं टोक बदललं. डीएनएस बदलला. अडॅप्टर बदलला, जुना खोक्यात गेला. धनलाल तीनदा खांबावर चढला आणि तिसऱ्यांदा वरूनच म्हणाला की आता मी इथेच राहतो, जेवणाचा डबा पाठवून द्या. चौथ्या दिवशी प्रांजलीच्या साहेबांनी तिला सांगितलं की महिनाअखेरीला मोठ्या साहेबांसमोर तिचं प्रेझेंटेशन आहे, त्यात नेट तुटलं तर पुण्याचं तिकीट काढायचं. हे सांगताना तिचा चेहरा इतका उतरला होता की मला माझीच लाज वाटली.

पाचव्या दिवशी मी साडेबारालाच काकांच्या घरी जाऊन बसलो. काका जेवले. हात धुतले. कॅलेंडरवर वेळ लिहिली. शिंक्याखाली आले, बटन बंद केलं, मला फोन लावला. माझा फोन त्यांच्या शेजारीच वाजला.

"तेरा दहाले बंद," काका माझ्याकडे बघत फोनमध्ये म्हणाले.

"काका, बंद तर तुम्हीच केलं!"

"तूच म्हनला होता ना, रोज थोडं बंद ठेवत जा, तापते म्हनून. मी विचार केला, मी पडतो तवाच त्यालेबी पडू देतो."

"मग मला फोन कायले करता?"

काका बाजेवर आडवे होत म्हणाले, "गाडी थांबली की कळवनं माहं काम. कोनं थांबवली हे पाहनं तुहं."

*

महिनाअखेरीचा दिवस कळला आणि मी, काका, प्रांजली, तिघांनीही कपाळाला हात लावला. त्याच दिवशी गावची मंडई होती.

बाहेरच्यांसाठी सांगतो. दिवाळी झाली की आमच्याकडे एकेका गावात एकेक दिवस मंडई भरते. दुकानं, पाळणे, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ, आणि घरोघरी पाहुणे. लेकी, जावई, साडू, साडूचे साडू. मंडईला घरी पाहुणा आला नाही तर माणूस तोंड लपवून फिरतो. काकांकडे चाळीस यायचे. चाळीस पाहुणे म्हणजे चाळीस मोबाईल, आणि पाहुणा चप्पल काढायच्या आधी पासवर्ड विचारतो.

काका पासवर्ड कुणालाही देतात हा जुनाच त्रास. मी एकदा राउटरचं पान उघडून त्यांना दाखवलं होतं. "बघा, घरात माणसं दोन आणि नेटवर सतरा मोबाईल. हे सगळे कोण?" काकांनी चष्मा लावला, यादी वाचली आणि म्हणाले, "पयला त तूच आहेस."

तर मी पाहुण्यांसाठी वेगळं नेट काढलं, कमी स्पीडचं. नाव ठेवलं 'पाहुणे'. काकांना ते आधी आवडलं. मग त्यांनी विचारलं, "याचा स्पीड कमी काऊन?" मी सांगितलं. काकांचा चेहराच बदलला. "पाहुन्याले पातळ अन् घरच्याले घट्ट? असं वाढतात का कुठी?" दुसऱ्या दिवशी बघतो तर साडूच्या पोराला घरचा पासवर्ड आणि प्रांजलीचा लॅपटॉप 'पाहुणे'वर!

मी प्रांजलीच्या लॅपटॉपला थेट वायर लावली. पण मागून येणारी धार तेवढीच, चाळीस जणांनी ओढली की उरणार काय? मोबाईलच्या नेटचा तर मंडईच्या दिवशी विचारच करायचा नाही, अख्खा तालुका त्याच टॉवरवर असतो. मग मी शेवटचा उपाय सांगितला. तासभर वायफाय बंद ठेवू, नुसती वायर चालू.

"नाही," काका म्हणाले. "मंडईच्या दिवशी माह्या घरी आलेला पाहुना नेट मागते अन् मी नाही म्हनतो? चूल बंद ठेवा म्हन एकदाचं."

"मी दुकानातून गुपचूप बंद करतो. कुणाला कळणार नाही."

काकांनी माझा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला. "बंद करनार नाही म्हन."

म्हटलं. काय करता? प्रांजली उठली. आत गेली, आणि थोड्या वेळाने बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. काका तो आवाज ऐकत बाजेवर बसून राहिले. मला काही तिथे थांबवेना.

*

मंडईचा दिवस. प्रेझेंटेशन दुपारी दोनला. मी बारापासून काकांच्या मागच्या खोलीत राउटरचं पान उघडून बसलो होतो. साडेबाराला पंचवीस मोबाईल. दीडला एकोणचाळीस. कुणी दंडारीचे व्हिडिओ चढवत होतं, कुणी क्रिकेट बघत होतं. दर वर्षी काकांकडे पंगत बाराला बसते आणि लोक जेवून मंडईत जातात. या वर्षी जेवणाचा पत्ताच नव्हता. पाहुणे भुकेने कासावीस, म्हणून सगळे मोबाईलमध्ये. त्यामुळे माझा जीव अजूनच वरखाली.

एक पंचावन्नला प्रांजलीने दार लावून घेतलं. तिची बॅग दाराशीच होती.

एक अठ्ठावन्नला अंगणातून काकांचा आवाज आला. "बसा जी पंगतीले."

भुकेली माणसं ती, एका झटक्यात बसली. तांदळाचे वडे, भात आणि मटणाचा रस्सा. पळी स्वतः काकांच्या हातात. दोन वाजता माझ्या पानावर एकोणचाळीस मोबाईल होते आणि एकही हलत नव्हता. चाळीस उजवे हात मनगटापर्यंत रश्श्यात.

मी खिडकीत येऊन उभा राहिलो.

एक जावई डाव्या हाताने मोबाईल चाळायला लागला. काकांनी त्याचंच दोन वर्षांचं पोर आणून त्याच्या मांडीवर ठेवलं. "रडून राहिलं, धर." पोर हसत होतं.

अडीचला काही लोक हात धुवायला उठले. पाण्याच्या ड्रमवर धनलाल बसलेला. "पानी येऊन राहिलं," तो म्हणाला. कुठून येऊन राहिलं हे त्यालाही माहीत नव्हतं. तोवर काकांनी मागून येऊन त्यांना परत बसवलं आणि ताटात पळी ओतली.

"बस झालं ना, मामाजी," एक जण काकुळतीला आला.

"गाडी जाऊ द्या," काका म्हणाले. "मंग फाटक उघडतो."

कुणाला काही कळलं नाही, पण मटण चांगलं होतं.

तीन वाजून पाच मिनिटांनी प्रांजलीचं दार उघडलं. दाराजवळची बॅग तिने उचलली आणि आत नेऊन ठेवली. काकांनी धनलालला हात दाखवला. धनलाल ड्रमवरून उतरला. काका खाली ओट्यावर बसले आणि उपरण्याने तोंड पुसायला लागले, ते बराच वेळ पुसतच होते.

आठवड्याने प्रांजलीला कंपनीच्या टेक्निकल टीमचा मेल आला. त्या दिवशी सगळ्या टीममध्ये तिचं नेट सर्वात स्थिर होतं. नेमकं कोणतं सेटिंग केलं ते कळवावं, बाकीच्यांनाही सांगता येईल. तिने तो मेल मला दाखवला. मी काकांना विचारलं, काय लिहायचं?

काका शिंक्यातल्या डब्यावरची धूळ पुसत होते. मागे वळूनही न बघता म्हणाले, "लिही, दोन बोकडं."