कानांत बोटं

'उगाच कशाला सांगायचं, त्याला त्रास होईल,' असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. माझे बाबा वारले तेव्हा धाकटा भाऊ समुद्रात बोटीवर होता, आणि आमच्या मुरबे गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी त्याला ते कळू दिलं नाही. तो किनाऱ्याला लागला तेव्हा चिता विझून गार झाली होती. लोक म्हणतात, झालं गेलं, सोड आता. मी सोडलेलं नाही. सोडायचा विचारही नाही.

पण ही हकीकत सांगायची तर सुरुवात मोटारींच्या शर्यतीपासून करावी लागते. तिथेही माझा राग काही कमी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आम्हा दोघा भावंडांना अमेरिकेतल्या शर्यतींचं वेड आहे. ज्यांची चाकं बाहेर, उघडी असतात आणि मधे एकच माणूस बसतो, त्या गाड्यांच्या शर्यती. आणि दिवसरात्र चालणाऱ्या, एकेका गाडीला तीन-चार चालक असणाऱ्या शर्यती. भाऊ शाळेत असताना केबलवर एका खेळांच्या वाहिनीवर दुपारी त्यांचं पुनःप्रक्षेपण लागायचं. घरात दुसरं काही बघायला मिळायचं नाही म्हणून बघितलं, आणि दोघंही अडकलो, त्यातही एका लाल गाडीच्या संघात. मी बोईसरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे कुणाला हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "अच्छा, वो जो गोल-गोल घूमते रहते हैं?" हो, गोल-गोल. क्रिकेटवालेसुद्धा त्याच दोन टोकांमधे दिवसभर पळत असतात, त्यांना कुणी विचारत नाही.

मग त्या वाहिनीने शर्यती दाखवणं बंद केलं. का, ते सांगायची तसदी कोण घेतो? फोनवर ॲप आलं. उघडलं तर लिहिलेलं, तुमच्या देशात उपलब्ध नाही. तुमच्या देशात! म्हणजे गाडीचं चाक फिरतं ते आम्हाला कळणार नाही की काय? शेवटी संयोजकच काही दिवसांनी आख्खी शर्यत इंटरनेटवर टाकू लागले. उपकार झाले. पण टाकताना वर फोटो कुणाचा? जिंकलेल्याचा. मे महिन्यातल्या त्यांच्या सगळ्यात मोठ्या शर्यतीत जिंकणारा बाटलीने दूध पितो आणि उरलेलं डोक्यावर ओतून घेतो. तर फोटोत तो दुधाने निथळणारा चेहरा. जेवायला बोलवायचं आणि दारातच ढेकर द्यायचा, तसला प्रकार.

आता भावाचं दुर्दैव बघा. जूनपासून मासेमारीला बंदी. म्हणून मे महिन्याच्या अखेरची फेरी ही प्रत्येक बोटीची शेवटची, आणि पापलेटसाठी सगळ्यांची धावपळ. ती मोठी शर्यत बरोब्बर त्याच आठवड्यात. त्यामुळे दरवर्षी शर्यत चालू असताना आमचा बुवा खोल समुद्रात, जिथे मोबाइल म्हणजे नुसता डबा. बोटीवर वायरलेस असतो, पण तो कामापुरता.

म्हणून आमचा करार झाला. मी जागून फोनवर आकडे बघत शर्यत समजून घ्यायची, निकाल पोटात ठेवायचा, आणि तो आल्यावर व्हिडिओ लावताना वरचा फोटो तळहाताने झाकायचा. शर्यतीत वर उंचावर एक माणूस उभा असतो, तो चालकाला कानात सांगत राहतो, उजवीकडे गाडी आहे, आता मोकळं आहे. भाऊ म्हणायचा, "ताय, तू माजा तो वरचा मानूस." बोट लागली की तो दोन्ही कानांत बोटं घालून गुडघाभर पाण्यातून चालत यायचा. ही गंमत सगळ्या किनाऱ्याला ठाऊक. पाट्या घेऊन मासळीची वाट बघणाऱ्या बाया मुद्दाम ओरडायच्या, "तुजी लाल गाडी बुडाली रे!" यांना गाडी कोण, चालक कोण, काही माहीत नाही, पण खोटे निकाल ओरडण्यात पुढे. तो आणखी जोरात बोटं खुपसायचा आणि हसत सुटायचा.

बाबा आमच्याबरोबर बसायचे. पूर्वी ते स्वतः तांडेल होते, म्हणजे बोटीचा कप्तान. छातीच्या दुखण्याने समुद्र सुटला आणि ओट्यावर बसून जाळी सांधणं उरलं. शर्यतीतलं एकच त्यांना बिलकूल खपत नसे. कुठे अपघात झाला की पिवळा झेंडा दाखवतात, आणि पुढे गेलेल्यांसह सगळ्या गाड्या पुन्हा एका रांगेत येतात. बाबा जाळ्याची सुई आपटून म्हणायचे, "जो मर मर करून लांब गेला त्याला परत रांगेत उबा करता? ही काय रीत झाली?" मग एक ठेवणीतली शिवी. मी रागीट आहे ती कुणावर गेले, हे गावाला सांगावं लागत नाही.

जानेवारीतल्या चोवीस तासांच्या शर्यतीवर मात्र त्यांचा जीव; ती संयोजक इंटरनेटवर थेट दाखवतात. तिथली रात्र म्हणजे आपला रविवारचा दिवस, त्यामुळे जेवून-खाऊन निवांत बघता येते. एक चालक झोपलेला, दुसरा हाकतोय, तिसरा हात-पाय मोकळे करतोय, हे बघून ते म्हणायचे, "ही तर आमचीच फेरी." त्यांच्या शेवटच्या जानेवारीत एका संघाच्या दोन गाड्या होत्या, त्यांतली एक भिंतीवर जोरात आदळली. दुसऱ्या गाडीतल्या चालकाने धावता धावता रेडिओवर विचारलं, तो बरा आहे का? संघातून लगेच उत्तर आलं, पाय मोडलाय, शुद्धीवर आहे, दवाखान्यात नेतायत, तू चालव. मी बाबांना ते मराठीत सांगितलं. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, तेव्हा तिथेच खुर्चीत बसले होते. बाबा त्यांच्याकडे बघून म्हणाले, "बरा केला सांगितला. नाय तर त्याचा जीव मागंच लटकला असता." काकांनी मान डोलावली. ती डोलावलेली मान मी विसरलेले नाही.

त्या वर्षी मे महिन्यात आमची लाल गाडी ती मोठी शर्यत जिंकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. निकाल पोटात ठेवून मी झोपले, आणि सकाळी आयच्या हाकेने उठले. बाबा गेले होते.

बोट काकांची आणि वायरलेसही त्यांच्याच घरी. मी तिथे गेले तेव्हा चार जाणती माणसं आधीच जमली होती. मी म्हटलं, त्याला सांगा. काका म्हणाले, "समिंदरात मानसाला असा निरोप देत नाय. मन ठिकानावर नसला की जाळ्यात पाय अडकतो. मानूस जातो." ही आमच्याकडची जुनी रीत आहे. घरातलं मरण बोटीवर कळवायचं नाही, फक्त तांडेलाला आडून सुचवायचं की परत ये. ही रीत कुणा वेड्याने काढलेली नाही, एवढं मला कळतं. असा पाय अडकून गेलेला माणूस आमच्या गावात होऊन गेलाय. पण ज्याचा बाप मेलाय त्याला जाळ्यापासून दूर बसवता येत नाही का? बोटीवर इतर माणसं असतात की बोंबील?

मी जानेवारीची आठवण दिली. बाबा काय म्हणाले होते ते काकांना तोंडावर ऐकवलं. ते म्हणाले, "ती टीवीवरची गोष्ट." मी म्हटलं, निदान थांबा, पालघरहून शीतपेटी आणू, तो आला की मग न्या. तर चारही जण माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी काही वंगाळ बोलले. उकाडा आहे, असं ठेवत नाहीत, मुलीने यात पडू नये. काकांनी वायरलेसवर तांडेलाला एवढंच सांगितलं, "पुतन्याच्या घरी काम हाय, त्याला सांगू नको. आटपून ये." आटपून! तो शब्द मी ऐकलाय. त्या शब्दात किती पापलेट होते ते काकांनाच ठाऊक.

त्याच संध्याकाळी चुलत भावाने अग्नी दिला.

बोट दुसऱ्या दिवशी दुपारी आली. टाकलेली सगळी जाळी ओढून आली. आयला घेऊन बसायचं सोडून मी किनाऱ्यावर गेले, कारण हे त्याला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू द्यायचं नव्हतं. पाट्यावाल्या बाया होत्या, पण सगळ्या खाली बघत होत्या.

भाऊ पाण्यात उतरला. मी दिसले तशी त्याने कानांत बोटं घातली. हसत, पाणी उडवत, धावत येत होता. "सांगू नको, ताय! काय पन सांगू नको!"

त्याने बायांकडे बघितलं. कुणी ओरडलं नाही. तसा तो आणखीच खूश झाला. "सगळी गप हायत! म्हंजे लाल गाडी जिंकली ना? जिंकली ना?"

मी पाण्यात शिरले आणि त्याची मनगटं धरून हात खाली ओढले. त्याला वाटलं, मी खेळतेय. तो जोर लावून हात वर नेत राहिला. आम्ही भावंडं तिथे गुडघाभर पाण्यात चक्क झटापट करत होतो आणि आख्खा गाव बघत उभा होता. त्यांतल्या एकानेही पुढे येऊन तोंड उघडलं नाही. शेवटी मी किंचाळले, "बाबा गेले. काल जाळला त्यांना."

त्याचे हात ढिले पडले. तो रडला नाही. वळून बोटीकडे गेला. तांडेल अजून बोटीवरच होता, खाली उतरायचं टाळत होता. भाऊ त्याला एवढंच म्हणाला, "कालपासनं तू मला आपल्या हातानं चा देत व्हतास. मी म्हनलो, यो आज एवडा चांगला कसा झाला?"

तांडेल म्हणाला, "मला सांगू नको म्हटला व्हता."

ती शर्यत आम्ही बघितलेली नाही. आमची गाडी जिंकली ती एकमेव शर्यत.

बंदी उठल्यावर भाऊ पुन्हा त्याच बोटीवर गेला, पोटासाठी जावं लागतं. पण आता रोज संध्याकाळी तो वायरलेसवर विचारू लागला, "घरी?" काका सांगायचे, "सगळी बरी." तरी पुन्हा विचारायचा. त्याचा विश्वासच उडाला होता, आणि का उडू नये? पावसाळा सरल्यावर एका फेरीत काकांचा आवाज सर्दीने बसला होता. तेवढ्यावरून त्याने ठरवलं की आयला काहीतरी झालंय, आणि तांडेलाशी भांडून अर्ध्यातून बोट परत आणायला लावली. धावत घरी आला. आय ओट्यावर बसून सुकट निवडत होती. त्याने तिचा हात हातात घेतला, दाबून बघितला आणि तिथेच जमिनीवर बसला. बऱ्याच वेळाने रडला. बाबांसाठीसुद्धा तो तेव्हाच रडला असावा.

काका तणतणत आले. फेरी वाया गेली, डिझेल वाया गेलं, याला वेड लागलंय. मी म्हटलं, "वेड नाय लागला. तुमीच शिकवलाय त्याला, घरातनं चांगला बोलला म्हंजे कायतरी लपवलाय." त्यानंतर बरेच दिवस काका आमच्या ओट्यावर फिरकले नाहीत. नका येऊ म्हणावं.

या मे महिन्यात पुन्हा शेवटची फेरी, पुन्हा ती मोठी शर्यत. लाल गाडी चांगली पुढे होती. शेवट जवळ आला असताना कुणीतरी भिंतीवर गेला, पिवळा झेंडा लागला, सगळे एका रांगेत आले, आणि पुन्हा सुटल्यावर आमच्या गाडीला मागच्याने गाठलं. बाबा असते तर सुई आपटली असती.

सकाळी मी काकांच्या घरी गेले. ते चहा पीत वायरलेसपाशी बसले होते. मी सरळ माइक उचलला. "ह्याच्यावर गाड्यांच्या गप्पा?" काका कडाडले. "सगळ्या बोटी ऐकतात!"

"ऐकू दे," मी म्हटलं. "खरं ऐकायची सवय लागेल."

भाऊ वायरलेसवर आला. करार मोडत असल्याचं सांगितलं आणि मोडला. गाडी हरली म्हणून सांगितलं. पिवळा झेंडा, रांग, सगळं सांगितलं. मग त्याने शिवी दिली. बाबांची, ठेवणीतली. कुठल्याशा बोटीवरून कुणीतरी हसलं.

"आनि आय?" त्याने विचारलं.

"आय काल न्हानीत पाय घसरून पडली. गुडगा सुजलाय. डाक्टरला दाखवला, हाड बरा हाय. आता बसलीय, मला शिव्या देतेय."

काकांनी कपाळाला हात लावला.

"आता पटला," भाऊ म्हणाला. "जाळी टाकतो."