ड्रेस्डेनच्या दुकानात वाजलेला माझा आवाज

नवी पुस्तकं आणि नवे अल्बम शोधायला ड्रेस्डेनला निघाले, असं मी ऑफिसात सांगितलं. खरं कारण ईरा. आमची लेक तिथे शिकते, आणि तिच्या बँडचा पहिला अल्बम त्या शनिवारी एका दुकानात ऐकवणार होते. "मामा, कॉम डॉख," एवढाच मेसेज. आई, ये ना, म्हणे. मी मराठीत विचारायचं आणि तिनं जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, हे लहानपणापासूनचं. मंदारला, म्हणजे नवऱ्याला, नेहमीप्रमाणे काम होतं.

आमच्या फ्रँकफर्टहून सकाळची थेट गाडी घ्या आणि सीट राखून ठेवा. मी ठेवली नव्हती. फुल्डा स्टेशनपर्यंत दाराशी उभी होते.

दुकान नदीपलीकडे, नॉयस्टाट नावाच्या भागात. अर्ध्या भागात पुस्तकं, अर्ध्यात रेकॉर्ड्स. नव्या पुस्तकांवर मालकीणबाई स्वतःच्या अक्षरात अभिप्राय लिहून ठेवतात. त्यांच्या सांगण्यावरून लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बाईवरची एक छोटी कादंबरी घेतली. तिच्यातलं जर्मन सोपं आहे. अशी दुकानं जरूर शोधा. शेजारच्या कॅफेत आयरशेके नावाचा मऊ केकही खा.

मग अल्बम सुरू झाला. पहिली दोन गाणी मला नुसता गोंगाट वाटली. तिसऱ्यात ड्रम थांबले आणि स्पीकरमधून मी बोलायला लागले.

"ईरा, काही काम नव्हतं गं, सहज फोन केला. बाबांना आजही उशीर आहे. मी तुझ्या खोलीत बसून जेवले आज. बरं, ठेवते."

ईरानं फोन उचलला नव्हता तेव्हा ठेवलेला माझा व्हॉइस मेसेज! मागे हळूहळू चेलोचे गंभीर सूर चढत गेले. कुणाला एक शब्द कळत नव्हता, तरी सगळे डोळे मिटून ऐकत होते. मालकीणबाई म्हणाल्या, "ही कोण आहे माहीत नाही, पण फार एकटी वाटते." मी पुस्तक चाळत राहिले.

बाहेर येऊन ईराला विचारलं, "मला न विचारता?"

"तू नाही म्हणली असती." चक्क मराठीत, अडखळत. "तेव्हा मी उलटा फोन नाही केला. मग खूप वेळा ऐकला. आल्झो... म्हणजे, रागावलीस?"

मला खरंच कळत नव्हतं. माझं एकटेपण परक्या गावात विकायला ठेवलं होतं, आणि ते ऐकायला इतकी माणसं थांबली होती. मी तिचा मफलर नीट केला. "चेलो छान आहे," एवढंच म्हणाले.

रविवारी घरी आल्यावर मंदारनं उत्साहानं अल्बम लावला. तिसरं गाणं आलं. तो आधी हसला, मग त्यानं ते पुन्हा लावलं.

"तू खरंच तिच्या खोलीत जेवायचीस?"

"कधी कधी."

"मला का नाही सांगितलंस?"

अल्बम चांगला आहे की नाही, हे विचाराल तर मी अजून सांगू शकत नाही. मंदार मात्र हल्ली जेवायच्या वेळेला घरी असतो. समोर बसतो. काय बोलावं, ते दोघांनाही सुचत नाही.