तीस ग्रॅम कमी

नाहूरला आमच्या चाळीखाली एक बेकरी होती, आसपास ब्रेड मिळायचा तो तिथेच. संप फसून दोनेक वर्षं झाली होती, ह्यांची गिरणी सुटली ती सुटलीच. मी शिवणकाम करून घर चालवायची. सासूबाईंना दात नव्हते, चहात बुडवलेला ब्रेड हेच त्यांचं खाणं. त्यामुळे ब्रेड लहान झालाय हे सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं.

तेव्हा ब्रेडचं वजन आणि भाव सरकार ठरवायचं. वेष्टनावर चारशे ग्रॅम छापलेलं असे. मी ताजा ब्रेड तसाच शेजारच्या वाण्याच्या तागडीत टाकला, तर भरला तीनशे सत्तर. माझं डोकंच फिरलं. मेल्यानं म्हातारीच्या तोंडचा घास काढला, म्हणत त्याच दिवशी वजनमापे खात्यात अर्ज दिला, आणि बेकरीवाल्याला चार माणसांत वाट्टेल ते बोलले.

तो यूपीकडचा, साठीचा माणूस. गर्दी पांगल्यावर म्हणाला, "भाभी, मैदा महागला, लाकूड महागलं. भाव वाढवला तर सरकार पकडतं, म्हणून ब्रेड छोटा केला. चुकलं माझं. पण केस झाली तर मैद्याचा कोटा जाईल, भट्टी बंद होईल."

हातचं काम गेलेला माणूस दिवसभर घरात कसा बसतो, ते मी रोज बघत होते. मला फार वाईट वाटलं. पण अर्ज तर जाऊन बसला होता.

आठवड्याने इन्स्पेक्टर आले, मला खाली बोलावलं. फळीवरचे ब्रेड त्यांनी एकेक करून तोलले, सगळे बरोबर भरले. मग माझा अर्ज काढला.

"बाई, तुम्ही तोललात तो ब्रेड ताजा होता की शिळा?"

बेकरीवाला खाली बघत उभा होता.

"शिळा," मी म्हटलं. "दोन दिवसांचा."

"अहो, मग वाळून वजन उतरणारच ना. एवढंही कळत नाही? उगाच आम्हाला खेप." सगळ्यांदेखत त्यांनी मला झापलं. कोणाचं एक ऐकून न घेणारी मी, तक्रार मागे घेतल्याची सही मुकाट्याने केली.

दुसऱ्या दिवशी गेले तर फळीवर नुसते कडक पाव. पावाला तसलं बंधन नव्हतं.

"ब्रेड बंद केला, भाभी. आठवडाभर पूर्ण वजनाचा केला, घाटाच झाला."

"मग करा की थोडा लहान," मी हळूच म्हटलं. "मी नाही तोलणार."

"तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. आता कमी वजनाचा करायला हात धजत नाही."

मी पाव घेऊन वर आले. सासूबाईंनी तो चहात बुडवला, बराच वेळ चघळला.

"ब्रेड नाय गावलो?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. पुढे त्या असेपर्यंत पावच खात राहिल्या, आणि का ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.