‘गॅस’ या शब्दावर माझा विश्वास नव्हता

माझी नोकरी जमीन मोजण्याची. अमरावतीच्या कार्यालयातून निघायचं, कुणाच्या तरी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, यंत्र लावायचं आणि हद्द कुठून जाते ते सांगायचं. वीस वर्षांत दोन्ही शेजाऱ्यांनी मान्य केली अशी मोजणी मी क्वचितच पाहिली. एकाला वाटतं मी दुसऱ्याकडून चहा प्यायलो, दुसऱ्याला वाटतं मी पहिल्याच्या गाडीतून आलो. लोकांच्या संशयात राहून राहून माझाही स्वभाव तसाच झाला, असं बायको म्हणते. मला वाटतं, तो त्याच्या आधीपासूनच तसा होता.

वडील गेले तेव्हा मी बारावीला होतो. तेल्हाऱ्याला आमचं घर. कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. घरात जे जे होते ते सगळे म्हणाले, गॅस झाला. ओवा आणि काळं मीठ दिलं, मग दुकानातून सोडा आणला. सोडा पिऊन त्यांनी मोठा ढेकर दिला आणि म्हणाले, “आता मोकळं वाटून राहिलं.” आईनेही सुटकेचा निःश्वास टाकला. दुपारी आंघोळीला म्हणून उठले आणि न्हाणीच्या दाराशीच कोसळले. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयविकार होता, सकाळपासूनच असणार. सोडा आणायला मीच धावत गेलो होतो.

म्हणून चार वर्षांपूर्वी जेव्हा माझ्या छातीत दुखलं, तेव्हा मी कुणालाच काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणीतरी तो शब्द उच्चारला असता.

ते दुखणं सुरू झालं अकोल्याला, माझ्या साळ्याच्या घरी. हा माझ्या बायकोचा मोठा भाऊ. शेतीच्या औषधांचं दुकान चालवणारा, अंगाने धिप्पाड, बोलायला मोकळा. महिन्यातून एका रविवारी आम्ही नवरा-बायको अकोल्याला जायचो. नणंद-भावजय आत गप्पा मारत बसायच्या आणि दुपारी बारापासून आम्ही दोघं गच्चीवरच्या खोलीत. व्हिस्की, सोडा, तळलेले शेंगदाणे, भजी; आणि दोन वाजता खाली उतरून झणझणीत मटण. जेवलं की मी तिथेच दिवाणावर आडवा व्हायचो.

त्या रविवारी आडवा झालो आणि छातीच्या मधोमध, हाडाच्या मागे, कुणी निखारा ठेवल्यासारखं झालं. तो निखारा हळूहळू गळ्यापर्यंत चढला. मी उठून बसलो. थोडं कमी झालं. पुन्हा आडवा झालो, पुन्हा वाढलं. साळा बाजूला घोरत होता. मी भिंतीला टेकून मनगटावरची नाडी मोजत बसलो आणि ती चुकत असल्याची माझी पक्की खात्री झाली.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात न जाता अमरावतीच्या एका हृदयरोग तज्ज्ञाकडे गेलो. बायकोला नाइलाजाने सांगावं लागलं, ती बरोबर आली. ईसीजी झाला, रक्त तपासलं, सोनोग्राफीसारखं यंत्र छातीवर फिरवलं, फिरत्या पट्ट्यावर चालवलं. सगळं चांगलं निघालं.

“दारू घेता?” डॉक्टरांनी विचारलं.

“कधीतरी.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे.

“हृदय उत्तम आहे,” डॉक्टर म्हणाले. “गॅसचा त्रास दिसतो.”

एखाद्याला आनंद झाला असता. मला घाम फुटला. बाहेर आल्यावर मी बायकोला म्हटलं, “यंत्र जुनं दिसलं त्यांचं.”

महिनाभराने अकोल्याला पुन्हा तेच झालं. मग मी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो, पहिल्याचे कागद न दाखवता. त्यानेही हृदय चांगलं असल्याचं सांगितलं. तिसऱ्या डॉक्टरकडे गेलो तेव्हा बायको औषधांची चिठ्ठी घ्यायला आत थांबली आणि तिला पाच मिनिटं लागली. चिठ्ठी घ्यायला पाच मिनिटं? काचेतून मला दिसलं, डॉक्टर हळू आवाजात काहीतरी सांगत होते आणि ती मान हलवत होती. घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की आजार मोठा आहे आणि हे लोक माझ्यापासून लपवताहेत. रात्रीच्या जेवणात तिने माझ्या आवडीची पाटवडी केली, तर माझा संशय आणखी पक्का झाला.

या सगळ्यात अकोल्याची वारी मात्र मी सोडली नाही. माणूस किती विचित्र असतो बघा. मी हृदयावर संशय घेतला, यंत्रावर घेतला, तीन डॉक्टरांवर आणि सख्ख्या बायकोवर घेतला. शेवटी बाटलीवरही घेतला, पण तोही चुकीचा. मला वाटलं साळा डुप्लिकेट माल आणतो. भारी बाटलीत हलकी दारू भरून मला पाजतो. एका रविवारी मीच अमरावतीहून सीलबंद बाटली घेऊन गेलो.

“हे काहून आणली, जवाईबापू? माह्या घरी काय कमी हाय?” साळ्याने विचारलं.

“सहज. आज माझ्याकडून.”

तो हसला, पण त्याने बाटली उलटी-सुलटी करून पाहिली आणि माझ्याकडेही तसंच पाहिलं. त्याला कळलं असावं. त्या दुपारी मी माझ्या खात्रीच्या बाटलीतली प्यायलो आणि दिवाणावर आडवा झाल्यावर नेहमीपेक्षा जास्त जळलं. तोंडात आंबट पाणी आलं. बायकोच्या पर्समध्ये पित्ताचं पातळ औषध होतं, तिने ते दिलं. दहा मिनिटांत आग विझली.

खरं तर तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मला बरं वाटलं याचीच भीती वाटली. वडिलांनाही असंच बरं वाटलं होतं.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर गेल्यावर बायको बोलली. डब्यात गर्दी नव्हती, समोरच्या बाकावर कुणी नव्हतं.

“अवो, एक विचारू? रागवू नोका.”

“विचार.”

“तुमाले घरी, डाळ-भात खाऊन, कधी दुखलं?”

मी आठवून पाहिलं. “एक-दोनदा थोडं जळलं.”

“आन् बाकीच्या वेळी? भावाच्या घरूनच आल्यावर ना?”

“तुझ्या भावाला मी दोष देत नाही.”

“मी देऊन राहिली! त्याले बी आन् तुमाले बी,” ती म्हणाली. “तीन डॉक्टर झाले. तुमी एकाले तरी खरं सांगतलं काय, किती पेता ते? त्या डॉक्टरनं मले थांबवून हेच इचारलं. म्हणे, तुमचे मालक पेतात काय? मी काय सांगू? तुमी बाहेर काचेतून पाहून राहिले होते.”

मला इतकी लाज वाटली की मी शेतांकडे पाहायला लागलो. तीच पाच मिनिटं मी किती दिवस मनात कुरतडत बसलो होतो.

पुढच्या आठवड्यात तिने अकोल्याच्या पोटविकार तज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. या डॉक्टरबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. आधी त्यांनी माझे हृदयाचे सगळे कागद एकेक करून वाचले. मग प्रश्न सुरू केले. दुखणं केव्हा येतं? जेवल्यावर किती वेळाने? चालताना, जिना चढताना येतं का? आडवं झाल्यावर वाढतं का? वाकल्यावर? तोंडात आंबट येतं का? अशी चौकशी आम्ही शेताच्या वादात करतो, त्यामुळे मला पहिल्यांदा जरा धीर आला.

“दारू किती घेता?”

“दोन पेग.”

“चार,” बायको म्हणाली.

डॉक्टरबाईंनी चार लिहिलं.

“तुम्हाला शब्दाची भीती आहे असं दिसतं,” त्या म्हणाल्या, कारण मी वडिलांचं सगळं सांगून बसलो होतो. “भीती चुकीची नाही. छातीत दुखलं तर आधी हृदयच तपासायचं, ते तुम्ही केलं. आता खाली बघू. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे एक झडप असते. दारूने ती सैल पडते. वरून तेलकट-तिखट भरपेट जेवण, आणि लगेच झोपणं. जठरातलं आम्ल वर येतं आणि नळी पोळते. ही नळी हृदयाच्या अगदी मागून जाते, म्हणून दुखतं त्याच जागी. माणसाला फरक कळत नाही. पुष्कळदा आम्हालाही नुसतं ऐकून कळत नाही.”

“मग तुम्हाला खात्री कशी?”

“नाही. म्हणून दुर्बीण घालून पाहू.”

‘नाही’ म्हणणारी ही पहिली डॉक्टर. तिच्यावर माझा विश्वास बसला तो त्या एका शब्दामुळे.

दुर्बिणीची तपासणी सुखाची नव्हती. घशात बधिर करणारा फवारा, तोंडात प्लास्टिकची कडी, डोळ्यांतून पाणी. पण नंतर त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. गुलाबी नळी, आणि तिच्या खालच्या टोकाला लाल, सोललेल्या तीन रेघा. जठराचा वरचा भागही सुजलेला होता. मी कितीतरी वेळ पाहत राहिलो. माझ्या दुखण्याला जागा होती, लांबी होती.

सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी मिळाली, दोन महिन्यांची. दारू पूर्ण बंद, जेवणानंतर तीन तास आडवं व्हायचं नाही, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करायची. मी पलंगाच्या त्या बाजूच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठेवले. दोन महिन्यांत निखारा गेला. एकदा शेंदूरजनाघाटला मित्राच्या मुलीच्या लग्नात मी ग्लास उचलला, अजूनही पुरता विश्वास नव्हता म्हणून. तासाभरात छाती पेटली. त्यानंतर मी पुन्हा तपासून पाहिलं नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगतो. आम्ही शनिवारी अकोल्याला मुक्कामी होतो. साळा त्या संध्याकाळी मित्रांबरोबर पिऊन आला होता. रविवारी सकाळी तो भाजी घेऊन आला, दोन जिने चढून, आणि पिशवी दाराशीच ठेवून खुर्चीत बसला.

“जवाईबापू, तुमची बिमारी मले लागली दिसते,” तो छाती चोळत म्हणाला. “रातची जास्त झाली. लय जळून राहिलं. ते तुमची गोळी देजा बरं.”

त्याची बायको, वहिनी, आतून म्हणाली, “सांगतलं होतं, नोका पेऊ. आता गॅस झाला.”

कोर्स कधीच संपला होता, पण सवयीने गोळी माझ्या खिशातच असायची. मी पाकीट काढलं, गोळी फोडून तळहातावर घेतली. त्याने हात पुढे केला. त्या हाताला थंडीच्या दिवसांत घाम होता.

“केव्हापासून दुखतं?” मी विचारलं.

“जिना चढतानी सुरू झालं.”

“आडवं व्हा बघू.” तो आडवा झाला. फरक नाही. “उठून बसा.” फरक नाही. “तोंडात आंबट येतं का?”

“नाई जी. जबडा भारी झाला नुसता. तुमी डॉक्टर कदी झाले? गोळी द्या ना!”

मी आणखी दोन-तीन गोष्टी विचारल्या. त्याचा रंग बदलत गेला, ओठ मातकट दिसायला लागले. तेव्हा मी गोळी खिशात टाकली आणि बायकोला म्हटलं, याच्या गाडीची चावी आण. तो यायला तयार नव्हता. सगळा रस्ताभर मला शिव्या देत होता, की हा माणूस आयुष्यभर संशय घेत राहिला आणि आता माझा रविवार खराब करतो. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मात्र तो गप्प झाला आणि माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून उभा राहिला.

ईसीजी पाहून तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला बाहेर काढलं. हृदयाची एक नस बंद पडत होती. तासाभरात ती उघडली आणि आत जाळी बसवली. वहिनी बाकावर बसून रडत होती आणि मध्येच माझे हात धरत होती. तुमच्यामुळे वाचले, तुमी ओळखलं, असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी काय ओळखलं होतं? मला फक्त खात्री नव्हती.

दुपारी तो शुद्धीत, ठीकठाक आहे असं कळल्यावर डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, थकलेले. त्यांनी विचारलं, दुखायला लागल्यापासून इथे यायला किती वेळ लागला? मी हिशेब करून सांगितलं, चाळीस मिनिटं.

“घर तर जवळ आहे तुमचं. चाळीस का?”

मी सांगितलं. आडवं केलं, बसवलं, आंबट येतं का विचारलं, आधी मला असंच होत होतं, त्यामुळे मला माहीत होतं. वीसेक मिनिटं त्यात गेली असतील.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. आवाज न चढवता म्हणाले, “ती वीस मिनिटं त्यांच्या हृदयाची होती. असं घरी तपासत बसू नका. दुखलं की उचला आणि आणा. आंबट आहे का खारट ते आम्ही पाहू.”

एवढं बोलून ते आत गेले. बायको माझ्या शेजारी उभी होती, तिनेही ऐकलं होतं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “चला, आधी दादाले पाहून येऊ.”